ट्रेनची ‘डॉक्टर’ निवृत्त, मॉडेल मात्र रुळावर! काय आहे जपानची ‘डॉक्टर यलो’?

आपल्याकडे भारद्वाज दिसला की दिवस चांगला जाणार, असं म्हणतात. जपानमध्ये हा मान एका पिवळ्या बुलेट ट्रेनला आहे. तिचं नाव ‘डॉक्टर यलो’. तिचं वेळापत्रक जाहीर होत नाही, त्यामुळे ती दिसणं हा नशिबाचा भाग. तिचं छोटं मॉडेल मात्र कुणालाही विकत घेऊन घरात धावतं ठेवता येतं.

ही ट्रेन काय करते?

साधारण दर १० दिवसांनी ती टोकियो ते हाकाता मार्गावर धावते. प्रवासी नसतात. सात डब्यांमधली यंत्रं रूळ, ओव्हरहेड वायर आणि सिग्नल तपासतात, तेही ताशी २७० किमी वेगाने. मार्ग बंद ठेवावा लागत नाही.

मॉडेल केवढं असतं?

कातोसारख्या जपानी कंपन्यांची ‘एन गेज’ मॉडेल लोकप्रिय आहेत. त्यांच्या दोन रुळांमधलं अंतर ९ मिमी. शिन्कान्सेनच्या खऱ्या रुळांमध्ये १,४३५ मिमी अंतर असतं. त्याला १६० ने भागा, उत्तर जवळपास ९ येतं. म्हणूनच जपानमध्ये बुलेट ट्रेनची मॉडेल १:१६० प्रमाणात बनतात. सुमारे १८० मीटरची अख्खी गाडी मग सव्वा मीटरच्या टेबलावर मावते. २७० किमीचा वेगही त्याच प्रमाणात उतरवला, तर मॉडेल सेकंदाला ४७ सेंटिमीटर धावायला हवं.

मॉडेलमध्ये काय येत नाही?

पिवळा रंग, निळा पट्टा, लांब नाक, छतावरचे पँटोग्राफ हे सगळं येतं. येत नाही ते तिचं खरं काम. रूळ एखाद्या मिलिमीटरने सरकला तरी खरी गाडी नोंद घेते. मॉडेलच्या प्रमाणात तो एक मिलिमीटर म्हणजे ०.००६ मिमी, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी. डोळ्यांना तो दिसणारच नाही. एवढ्या बारीक फरकावर प्रवाशांची सुरक्षितता अवलंबून असते.

आता पुढे काय?

दोन गाड्यांपैकी २००१ पासून धावणारी ‘टी४’ जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाली. तिचा एक डबा नागोयाच्या रेल्वे संग्रहालयात आहे. दुसरी ‘टी५’ २०२७ नंतर थांबणार आहे. यापुढे तपासणीची उपकरणं ‘एन७००एस’ या नेहमीच्या प्रवासी गाड्यांवरच बसणार. म्हणजे तपासणी अधिक वेळा होईल, पण ती करणारी गाडी वेगळी ओळखू येणार नाही.

आपला संबंध काय?

५०८ किमीचा मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन मार्ग शिन्कान्सेन तंत्रज्ञानावर आधारलेला आहे. रुळांमधलं अंतरही तेच, १,४३५ मिमी. गाडी कोणत्याही रंगाची असो, त्या एका मिलिमीटरवर इथेही नियमित लक्ष ठेवावं लागणार आहे.