गाईचं प्रगतिपुस्तक

मुलांनो, आज एक कोडं घालते. एका गोठ्यात दोन गाई आहेत. चंद्री व्याली की दिवसाला बारा लिटरपर्यंत दूध देते, कपिला नऊ लिटरच्या वर जात नाही. घरात पैशांची अडचण आहे आणि एक गाय विकायची आहे. तुम्ही कोणती विकाल?

"कपिला!" असंच म्हणालात ना? माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या घरीही तेच ठरलं होतं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत तो डबा न उघडताच बसून राहिला. कपिला त्याची फार लाडकी. त्याचा आवाज ऐकला की ती दाव्याला ओढ देऊन हंबरायची.

त्याच्या कोड्याचं उत्तर सांगते, पण त्याआधी आपल्याला जरा लांब, युरोपातल्या डेन्मार्क या छोट्या देशात जाऊन यायला हवं.

सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतून आणि रशियातून स्वस्त धान्य युरोपच्या बाजारात येऊ लागलं. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांच्या धान्याचे भाव पडले. मग ते दुधाकडे वळले. १८८२ साली तिथल्या जटलंड भागात पहिली सहकारी डेअरी निघाली. लोणी तयार होऊन जहाजांनी इंग्लंडला जाऊ लागलं. सगळं छान चाललं होतं, पण एक प्रश्न सुटत नव्हता. डेअरीत सगळ्या गाईंचं दूध एकत्रच जायचं. मग गोठ्यातली कोणती गाय खाल्लेल्या वैरणीचं चीज करते आणि कोणती नुसतीच खाते, हे कळणार कसं?

१८९५ साली वायेन या गावच्या शेतकऱ्यांनी यावर युक्ती काढली. त्यांनी मिळून एक मंडळ स्थापन केलं आणि एक तपासनीस नेमला. तो तराजू आणि बाटल्या घेऊन एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जायचा. प्रत्येक गाईचं सकाळचं आणि संध्याकाळचं दूध वेगवेगळं मोजायचा, त्यातलं फॅट तपासायचा, तिनं काय आणि किती खाल्लं तेही लिहायचा. काही दिवसांनी पुन्हा फेरी! एकट्याला असा माणूस ठेवणं परवडलं नसतं, म्हणून सगळ्यांनी खर्च वाटून घेतला. पण खरा फायदा पुढेच होता. सगळ्यांच्या वह्या एकत्र आल्या आणि प्रत्येकाला आपला गोठा शेजाऱ्याच्या गोठ्याशेजारी ठेवून पाहता आला. दहा वर्षांनी, १९०५ साली, हेल्मर राबिल्ड नावाच्या डेन्मार्कच्याच माणसानं ही कल्पना अमेरिकेत मिशिगन राज्यात नेली. पुढे १९५१ साली एक आंतरराष्ट्रीय संस्थाही निघाली. सगळ्या देशांनी नोंदी एकाच पद्धतीनं ठेवाव्यात, म्हणजे तुलना खरी होईल, हे तिचं काम.

आता परत आपल्या वर्गात येऊ या. आमच्या गावातही अडचण तीच! दूध संकलन केंद्रावर घातलं की फॅट आणि भाव लिहिलेली पावती मिळते. पण घरात गाई दोन आणि पावती एकच! म्हणून मुलं तिसरीत असताना आम्ही एक खेळ सुरू केला होता. ज्यांच्या घरी गाई आहेत, त्यांनी महिन्यातून एक दिवस ठरवून प्रत्येक गाईचं दोन्ही वेळचं दूध वेगळं मोजायचं आणि वहीत लिहायचं. गाय कधी व्याली आणि कधी भाकड झाली, तेही लिहायचं. तो चौथीत आला, तेव्हा या वहीतूनच त्याला कपिलेचं गणित मांडता आलं. चला, तुम्हीही मांडा.

चंद्री व्याल्यावर बारा लिटरवर गेली खरी, पण लवकर उतरली. सरासरी ८ लिटर आणि दूध दिलं २१० दिवस. म्हणजे एकूण १,६८० लिटर. पुढचं वासरू मात्र ५४० दिवसांनी झालं. कपिलेची सरासरी साडेसहा लिटर, पण तिनं ३०० दिवस दूध दिलं. एकूण १,९५० लिटर. आणि पुढचं वासरू ४०० दिवसांतच! आता एका वासरापासून दुसऱ्या वासरापर्यंतच्या सगळ्या दिवसांनी भागा. चंद्रीचं दूध दिवसाला ३ लिटरच्या थोडंसं वर आणि कपिलेचं जवळजवळ ५ लिटर! चंद्री ३३० दिवस भाकड होती, कपिला १००च दिवस. भाकड असली तरी गाईला कडबा आणि पेंड लागतेच ना?

मुलानं वही घरी नेली. वडिलांनी दोनदा बेरीज केली, मग म्हणाले, "मग चंद्रीला विकू." पण भिंतीवरचा आमचा तक्ता अजून बोलायचा होता. नऊ घरांच्या नोंदी त्यावर एकत्र होत्या. इतरांच्या बहुतेक गाईंना तेरा-चौदा महिन्यांत पुढचं वासरू होत होतं, चंद्रीला मात्र अठरा महिने लागले होते. म्हणजे काहीतरी चुकत होतं! पशुवैद्यक आले. त्यांनी चंद्रीला तपासून खनिज मिश्रण सुरू करायला सांगितलं आणि गाभण राहण्याच्या तारखा नीट टिपायला सांगितल्या. पैशांची अडचण कशी निभावली, ती घरच्यांनाच ठाऊक. पण दोन्ही गाई आजही त्याच दाव्यांना आहेत.

तुलना करताना दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या, बरं का! पहिली, बरोबरीच्यांचीच तुलना करायची. गीर गाईची जर्सी संकरित गाईशी किंवा पहिलारूची तिसऱ्या वेताच्या गाईशी केली तर तो अन्याय होतो. दुसरी, खरंच लिहायचं. एका मुलीनं आपल्या गाईचं दूध दोन लिटर वाढवून लिहिलं होतं. गाईचं दूध काही वाढलं नाही, सगळ्यांची सरासरी तेवढी बिघडली! "आमच्या बाबांना लाज वाटेल," ती म्हणाली. त्या दिवसापासून तक्त्यावर घरांची नावं लिहीत नाही, नुसते क्रमांक लिहितो. प्रगतिपुस्तक काही कुणाची फजिती करायला नसतं.

या हिशेबाचा संबंध आभाळाशीही आहे. गाईच्या पोटातले सूक्ष्म जीव चारा पचवतात, तेव्हा मिथेन वायू तयार होतो आणि गाय तो ढेकरेतून बाहेर टाकते. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा मिथेन पंचवीस पटींहून जास्त उष्णता अडवतो. ढेकर भाकड दिवसांतही येतेच! म्हणून भाकड दिवस कमी झाले आणि आहार समतोल असला, की एका लिटर दुधामागचा वैरणीचा खर्च घटतो आणि मिथेनही घटतो.

गाईच्या कानात पिवळा बिल्ला पाहिलाय? त्यावर बारा अंकी क्रमांक असतो. त्या क्रमांकावर गाईची जात, लसीकरण, वेत अशा नोंदी संगणकात ठेवता येतात. गुजरातमधल्या आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं गाईचं वजन, दूध आणि गावात मिळणारा चारा पाहून समतोल आहार काढून देण्याचा कार्यक्रमही राबवला आहे. पण संगणक कितीही हुशार असला तरी गोठ्यात जाऊन दूध मोजायला माणूसच लागतो.

येत्या रविवारी एक काम करा. घरी किंवा शेजारी गाय-म्हैस असेल तर मोठ्यांना विचारून दोन्ही वेळचं दूध मोजा, तारीख घालून लिहा. चार मित्रांना वही दाखवा आणि त्यांचीही पाहा. शहरातल्या मुलांनो, तुम्ही घरातल्या विजेच्या बिलांवर हाच प्रयोग करून पाहा.

आणि हो, कपिलेला मागच्या महिन्यात कालवड झाली. तिच्या नावाचं पहिलं पान वहीत उघडलंय!