झोपलेलं पोटकलम

पुण्याकडून कऱ्हाडला जाताना उंब्रज लागतं. इथे तारळी कृष्णेला मिळते, फाट्यावरून पाटणचा रस्ता फुटतो आणि महामार्ग रात्रंदिवस घोंघावत असतो. समजा, रात्री एका गाडीने इथे सायकलवाल्याला उडवलं आणि ती थांबलीच नाही. रस्त्यावर उरतं काय? काचेचा चुरा आणि नखाएवढी रंगाची खपली.

पण ही खपली बोलते! सूक्ष्मदर्शकाखाली तिची कड धरली की पापुद्रे दिसतात: खाली प्रायमर, त्यावर मूळ रंग, सगळ्यात वर चकाकीचा थर. गाडी गॅरेजात पुन्हा रंगवली असेल तर थर वाढलेले. संशयित गाडीवरच्या टवक्याशी ते जुळवून बघतात. दिव्याच्या काचेचा तुकडा तर फुटक्या बांगडीसारखा जागच्या जागी बसतो. शिवाय गाडी कऱ्हाडकडे पळाली तर तासवडे टोलनाका, साताऱ्याकडे पळाली तर पुढे आनेवाडी. दोन्हीकडे फास्टॅग वेळेसकट नोंद करून ठेवतो. मधल्याच फाट्यावरून आत वळली तर गोष्ट निराळी.

गाडी सापडली, आता शिक्षा कशाची? धडकेची की पळाल्याची? कायद्याच्या लेखी हे दोन वेगळे गुन्हे आहेत, आणि मला यातच खरी गंमत वाटते.

निष्काळजीपणाने कुणाचा जीव घेतला तर भारतीय दंड संहितेचं 304-अ हे कलम लागायचं, शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं. ते कलम 1870 सालचं. कार्ल बेंझने मोटारीचं पेटंट मागितलं 1886 मध्ये! म्हणजे कंटेनरवाल्यांचा न्याय टांग्या-बैलगाड्यांच्या काळातलं, दीडशे वर्षं जुनं कलम करत होतं. 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता आली आणि कलम 106(1) ने कमाल शिक्षा पाच वर्षं केली. त्याच्याच खाली 106(2) आहे: बेदरकारपणे गाडी चालवून जीव घेतला आणि पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना लगेच न कळवता पळ काढला, तर दहा वर्षांपर्यंत.

आठवतंय ना, जानेवारी 2024 चा ट्रकचालकांचा संप, पेट्रोल पंपांवरच्या त्या रांगा? तो याच पोटकलमावरून. मग सरकारने अधिसूचना काढली, त्यात सगळी संहिता लागू करण्याची तारीख होती, तेवढं 106(2) वगळून. छापलं, पण जागं केलं नाही. कायद्याच्या पुस्तकात असं झोपलेलं पोटकलम मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

चालकांचं म्हणणं सोपं होतं: थांबलो तर लोक ठेचतील. खोटं कसं म्हणावं? पण मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 134 उघडा. जखमीला दवाखान्यात न्या असं ते चालकाला सांगतं, आणि लगेच सवलतही देतं: जमावाच्या संतापामुळे शक्य नसेल तर नाही. म्हणजे मार खाण्याची भीती तिथे आधीच लिहून ठेवली आहे. मात्र घरी जायचं नाही. जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांत कळवायचं. हे चुकवलं तर कलम 187 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांचा दंड, किंवा दोन्ही. उंब्रजला पोलीस ठाणं गावातच आहे, तेव्हा सबब फारशी उरत नाही.

आणि गाडी कधी सापडलीच नाही तर? घरच्यांना मोटार वाहन कायद्याचंच कलम 161 आहे. मृत्यूला दोन लाख, गंभीर जखमेला पन्नास हजार. 1 एप्रिल 2022 पूर्वी हेच आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज तालुक्याच्या महसुली अधिकाऱ्याकडे, म्हणजे उंब्रजकरांनी कऱ्हाडला करायचा. मंजुरी साताऱ्याहून, जिल्हाधिकाऱ्यांची. गाडीचा नंबर नको, चालकाचं नावही नको. पुढे कधी ती खपली जुळली, गाडी सापडली आणि न्यायाधिकरणाने मोठी भरपाई दिली, तर त्यातून हे दोन लाख वळते करून घेतात.