सहलीचा बेत आणि तब्येतीचे वेळापत्रक

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की नवेगाव बांधच्या माझ्या दवाखान्यात एक वेगळाच पेशंट येतो. त्याला काहीही झालेले नसते, पण हातात गाड्यांचे वेळापत्रक असते. गेल्या वर्षी असेच एक निवृत्त गुरुजी आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सहा दिवसांत चार गावे करून येतो. तेवढ्या उलटीच्या आणि झोपेच्या गोळ्या लिहून द्या."

मी कागद पाहिला. देवलगावहून गोंदिया, रात्रीच्या गाडीने जबलपूर, दिवसा भेडाघाट, त्याच रात्री प्रयागराज, पहाटे संगमावर स्नान, संध्याकाळी काशी, दुसऱ्या दिवशी सारनाथ आणि रात्री पुन्हा गाडी, अयोध्येसाठी. सहापैकी चार रात्री गाडीत! गुरुजींना बारा वर्षांपासून मधुमेह. आणि सोबत अकरा वर्षांचा नातू, त्याला सिकलसेलचा आजार.

मी म्हटले, "गुरुजी, गोळ्या राहू द्या. आधी कागदच दुरुस्त करू."

वाचकहो, सिकलसेल आपल्या गोंदिया, भंडारा, गडचिरोली भागात अनेक घरांत आहे. या आजारात शरीरातील पाणी कमी झाले, थंडी बाधली, फार दमणूक झाली किंवा प्राणवायू कमी पडला, तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातपाय, पाठ, छाती असह्य दुखू लागते. आता विचार करा. गाडीत लघवीला जावे लागू नये म्हणून मुलाला पाणी कमी पाजायचे, रात्रभर जागरण, आणि पहाटे नदीच्या गार पाण्यात डुबकी. आजाराला आमंत्रण देण्यासाठी आणखी काय हवे?

गुरुजींची अडचण वेगळी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि गाडी उशिरा धावल्याने जेवण लांबले, तर रक्तातील साखर एकाएकी उतरते. घाम येतो, हात थरथरतात, भान हरपू शकते. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये. दुसरे म्हणजे पाय. घाटाच्या पायऱ्या, देवळांचे अंगण दुपारी तापते. ज्यांच्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे त्यांना चटका कळतच नाही, फोड आल्यावर समजते. म्हणून जाड मोजे घालावेत आणि रोज रात्री तळवे पाहावेत.

मग आम्ही नवा बेत आखला. अयोध्या पुढच्या खेपेला ठेवली. प्रत्येक गावी दोन रात्री मुक्काम. गावात पोचलो त्या दिवशी फक्त विश्रांती आणि जवळपास फेरफटका. भेडाघाट, सारनाथ दुसऱ्या दिवशी, सकाळी निघून ऊन चढण्याआधी परत. नातवाला डुबकी नाही. बादलीभर कोमट पाण्यात ओंजळभर संगमाचे पाणी घालून स्नान. गुरुजींना आधी पटेना. मी म्हटले, "पुण्य पाण्याच्या गारठ्यावर थोडेच मोजतात?" तेव्हा हसले.

तिकिटाचाही तब्येतीशी संबंध आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी मिळते. तेव्हा बेत वेळेवर ठरवा, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते. वर चढता येत नाही म्हणून रात्रभर बसून राहिले की पाय सुजतात. दर दोन तासांनी डब्यात चार पावले चालावे. गाडीत कोणी आजारी पडले तर १३९ या क्रमांकावर मदत मागता येते.

पिशवीत काय असावे? नेहमीची औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्त. निम्मी एका पिशवीत, निम्मी दुसऱ्या. इन्सुलिन उन्हापासून दूर, थर्मासमध्ये, पण बर्फाला चिकटवून नव्हे. जलसंजीवनीची पाकिटे, साखर, फुटाणे, मुरमुऱ्याचा चिवडा, ताप मोजायचे थर्मामीटर आणि गरम पांघरूण. सिकलसेलचे कार्ड व औषधांची चिठ्ठी खिशात.

आणखी एक. परगावी ताप आला तर तिथल्या डॉक्टरांना सांगा, "आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या जंगल भागातले आहोत." मलेरियाचा डास घरी चावतो आणि ताप दहा-पंधरा दिवसांनी काशीत येतो. तुम्ही सांगितले नाही, तर त्यांना ते सुचेलच असे नाही. आणि सिकलसेलच्या मुलाला ताप, छातीत दुखणे किंवा धाप लागली, तर पुढची गाडी सोडा आणि रुग्णालय गाठा.

गुरुजी सुखरूप परतले. येताना गाडी पाच तास उशिरा होती, पण चिवड्याने वेळ निभावली. नातू दवाखान्यात पेढा घेऊन आला आणि मला भेडाघाटच्या धुवाधार धबधब्याचे वर्णन पंधरा मिनिटे ऐकवले. बाहेर पेशंटांची रांग होती, पण मी त्याला थांबवले नाही.