मनाचें दुखणें आणि विचारांची तपासणी

शरीरास ताप आला म्हणजे तो घरांतील लहान मुलासहि कळतो. परंतु मनास ताप आला तर तो पुष्कळदां वडील माणसांच्याहि ध्यानांत येत नाहीं. माणूस अबोल होतो, भरल्या ताटावरून उठतो, रात्रभर कूस बदलीत पडतो, आणि घरचीं माणसें म्हणतात, “अलीकडे त्याचा स्वभावच तसा झाला आहे.” यवतमाळ जिल्ह्यानें या दुर्लक्षाची फार मोठी किंमत दिली आहे. पावसावर विसंबलेली कापसाची शेती, कर्जाचा बोजा आणि पडते भाव यांच्या कचाट्यांत सांपडून या भागांतील अनेक शेतकऱ्यांनीं आपलें जीवन संपविलें. २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. पुढें २०१५ सालीं महाराष्ट्र शासनानें चौदा जिल्ह्यांसाठीं ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यांतहि यवतमाळ होता. पहिली मदत पैशाची होती, दुसरी मनाची. मनाची मदत म्हणजे नेमकें काय, हें मात्र सुशिक्षित घरांतूनहि फारसें ठाऊक नसतें.

मन खचलेल्या माणसास आप्तेष्ट बहुधा धीर देतात किंवा उपदेश करतात. “मन घट्ट कर,” “दुसऱ्यांकडे पाहा, त्यांचें कसें चाललें आहे,” हे शब्द प्रेमाचे असले तरी दुखणाइतास त्यांत आपला दोषच ऐकूं येतो. आधुनिक मानसोपचारांत जी पद्धति विशेष अभ्यासली गेली आहे, तिची रीत याहून निराळी आहे. तिला बोधात्मक वर्तनोपचार म्हणतात. बोध म्हणजे प्रसंगाचा मनानें लावलेला अर्थ, आणि वर्तन म्हणजे त्या अर्थास अनुसरून माणूस जें करतो तें. या दोहोंची रोग्याच्या सहकार्यानें तपासणी करणें, हाच हा उपचार होय.

न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनीं १९५५ च्या सुमारास असें प्रतिपादन केलें कीं, माणसास दुःख देणारी गोष्ट केवळ घटना नसून तिच्याविषयींची त्याची हटवादी समजूत हीहि असते. मुंबईचे कि. मो. फडके यांनीं एलिस यांची विचारसरणी महाराष्ट्रांत रुजविली. फिलाडेल्फियाचे डॉक्टर ॲरन बेक यांना १९६० नंतरच्या दशकांत असें आढळलें कीं, नैराश्याच्या रोग्याचे विचार स्वतःविषयीं, जगाविषयीं आणि भविष्याविषयीं एकाच काळ्या रंगाचे होतात, आणि ते इतक्या झटकन मनांत येऊन जातात कीं, त्यांची सत्यता पाहण्याचें भानच त्याला राहत नाहीं. हे विचार पकडून तपासावयास शिकविणें, हें बेक यांच्या पद्धतीचें मर्म आहे.

एक कल्पित उदाहरण घेतल्यास हें स्पष्ट होईल. समजा, दारव्हा येथील एका गृहस्थांचा कापूस लागोपाठ दोन हंगाम हातचा गेला आणि बँकेचे हप्ते थकले. एके दिवशीं आठवडी बाजारांत जुना स्नेही समोरून आला आणि न बोलतां निघून गेला. तत्क्षणीं गृहस्थांच्या मनांत आलें : ‘माझी नादारी सर्वांस कळली. हा मला टाळीत आहे. आतां मी घरासहि भारच आहें.’ छातींत धडधडूं लागलें, हातपाय गळाले. ते तसेच घरीं परतले आणि पुढें महिनाभर बाजारास गेले नाहींत. न गेल्यामुळें कोणी भेटलें नाहीं, आणि ‘कोणी भेटत नाहीं’ हाच त्या विचारास नवा पुरावा होऊन बसला. विचार, भावना, शरीर आणि वर्तन यांचें हें रहाटगाडगें एकदां फिरूं लागलें म्हणजे आपोआप थांबत नाहीं.

उपचारक त्यांना प्रथम एक वही करावयास सांगतो. प्रसंग काय घडला, मनांत कोणता विचार आला, काय वाटलें आणि त्यापुढें काय केलें, असे तिचे चार रकाने. मग दोघे मिळून त्या विचाराचा जमाखर्च मांडतात. स्नेही टाळतो यास पुरावा काय? तो बोलला नाहीं, एवढाच. उलट बाजूस काय? त्याची दृष्टि अधू झाली आहे. मागील महिन्यांत तर तो स्वतःच घरीं येऊन मुलीच्या परीक्षेची चौकशी करून गेला होता. एवढ्यावरहि उपचारक निकाल देत नाहीं. तो प्रयोग सुचवितो. ‘मी गेलों तर तो दारांतूनच परतवील,’ हें भाकीत वहींत लिहून ठेवावें आणि मग खरोखर त्याच्या घरीं जाऊन यावें. भाकीत खोटें ठरलें तर वहीच तें सांगते. खरें ठरलें तरी एक गोष्ट शिल्लक राहतेच : एका स्नेह्यानें पाठ फिरविली म्हणजे सारें गांव पाठमोरें झालें असें नव्हे, आणि आपली किंमत शून्य झाली असें तर मुळींच नव्हे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. कर्ज हा मनाचा भ्रम आहे, असें ही पद्धति सांगत नाहीं. ‘माझ्यावर कर्ज आहे’ ही वस्तुस्थिति आहे. तिच्यासाठीं बँक, पीकविमा, शासन आणि आप्त यांच्याच दारीं जावें लागेल. ‘म्हणून मी नसलेलाच बरा’ हें मात्र त्या वस्तुस्थितीवरून काढलेलें अनुमान आहे, आणि उपचार त्या अनुमानावर आहे. हीं दोन वाक्यें एकमेकांपासून सुटीं झालीं म्हणजेच माणसास बँकेच्या दारीं जाण्याचें बळ येतें.

उपचाराचा दुसरा भाग वर्तनाचा. नैराश्यांत माणूस उत्साह येण्याची वाट पाहत बसतो. पण उत्साह पुष्कळदां कृतीच्या मागून येतो. म्हणून सकाळीं शेताच्या बांधापर्यंत जाऊन येणें, मुलाचा अभ्यास घेणें, अशीं लहान कामें वेळ ठरवून करावयास देतात. गोव्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रांतून या रीतीची परीक्षा झाली. तिचे निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाले. नैराश्यानें पीडित अशा ४९५ व्यक्तींचीं दोन गटांत विभागणी केली होती. एका गटास नेहमींच्या उपचाराबरोबर शिकवून तयार केलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनीं सहा ते आठ बैठका दिल्या. तीन महिन्यांनीं त्या गटांत शेंकडा ६४, तर दुसऱ्या गटांत शेंकडा ३९ व्यक्ति नैराश्यांतून बाहेर आल्या होत्या. म्हणजे ही विद्या मोठ्या शहरांतच बंदिस्त राहावी असें मुळींच नाहीं.

असा उपचारक शोधावा कोठें? यवतमाळ येथें श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय आहे. तेथील मनोविकार विभागांत प्रथम तपासणी करून घ्यावी. नागपूर येथें शासनाचें प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. दूरच्या गांवीं राहणाऱ्यांस दूरध्वनीवरून अथवा चित्रध्वनीवरूनहि बैठका घेतां येतात. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असून तो औषध देऊं शकतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीं, परंतु संभाषणाच्या उपचारांत त्याचें विशेष शिक्षण झालेलें असतें. त्याचें नांव रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेच्या नोंदवहींत आहे कीं नाहीं, हें पाहून घ्यावें. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र अल्प शिक्षणावरहि लागलेली आढळते. म्हणून पाटीवर न जातां शिक्षण विचारावें.

पहिल्या भेटींत कांहीं प्रश्न निःसंकोचपणें विचारावे. या पद्धतीचें शिक्षण आपण कोठें घेतलें? बैठका अदमासें किती लागतील? साधारणतः आठवड्यास एक याप्रमाणें बारा ते वीस बैठका होतात. घरीं करावयाचा अभ्यास देतां काय? प्रगति कशी मोजतां? जो उपचारक नुसतें ऐकून घेतो, कांहीं करावयास देत नाहीं, आणि उपचार केव्हां संपेल हेंहि सांगत नाहीं, तो कदाचित् भला गृहस्थ असेल, पण तो ही पद्धति चालवीत नाहीं. भाषेचा प्रश्नहि लहान नाहीं. वऱ्हाडी बोलणारी माउली ‘मला नैराश्य आलें’ असें म्हणत नाहीं. ती म्हणते, ‘जीव घाबरतो, कशांत मन लागत नाहीं.’ बंजारा, गोंड व कोलाम घरांतील माणसांची बोली तर आणखी वेगळी. ज्याला हें बोलणें समजतें, तोच त्यामागचा विचार पकडूं शकेल.

या उपचाराच्या मर्यादाहि ओळखल्या पाहिजेत. नैराश्य तीव्र असेल, भास होत असतील किंवा मन आळीपाळीनें अति उल्हास आणि अति खिन्नता यांत हेलकावत असेल, तर औषध आवश्यक असतें. चालू औषध आपल्या मनानें बंद करूं नये. मरणाची भाषा ऐकूं आली तर ती धमकी समजून उडवून लावूं नये. त्या माणसास स्पष्ट शब्दांत विचारावें, त्याला एकटें सोडूं नये, घरांतील कीटकनाशकें त्याच्या हाताबाहेर ठेवावीं आणि त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे, आणि त्यावर मराठींत बोलतां येतें. पोलिसांच्या भीतीनेंहि कोणी लपवाछपवी करूं नये. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ति तीव्र मानसिक ताणाखालीं होती असें २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा गृहीत धरतो, आणि तिची देखभाल करणें हें शासनाचें कर्तव्य मानतो.

घरच्या माणसांचें काम उपचारकाचें नव्हे. त्यांनीं वही तपासूं नये, वादहि घालूं नये. दुखणाइतास पहिल्या भेटीस सोबत करावी, ठरलेली बैठक चुकूं देऊं नये, आणि तो बांधापर्यंत जावयास निघाला तर आपणहि चपला घालून त्याच्याबरोबर निघावें.