मूल राहतं तिथली शाळा

बाई काही कारणानं माहेरी येऊन राहते तेव्हा तिच्या पिशवीत चार कपडे असतात, लेकराचं दप्तर असतं. कागद मात्र सगळे सासरी राहिलेले असतात. रेशनकार्ड नवऱ्याच्या नावावर, आधारवर सासरचा पत्ता, शाळेचा दाखला तिकडच्या शाळेत. मग इथल्या शाळेत गेलं की ऐकायला मिळतं, ‘रहिवासी दाखला आणा, एलसी आणा, वडिलांना घेऊन या, मग बघू.’ ती बाई रेशनकार्डात नाव फिरवायला तहसीलला हेलपाटे घालायला लागते आणि पोर घरी बसतं. दिवाळी येते, सहामाही होते, पोर अजून घरीच.

म्हणून आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट आम्ही आधीच सांगून टाकतो. पहिली ते आठवीच्या मुलाला जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत घालायचं असेल, तर आधी कागद आणि मग शाळा असा क्रम कायद्यात नाही. आधी शाळा, कागद मागाहून. मूल आज ज्या गावात झोपतं-उठतं, तिथल्या शाळेत त्याला बसायचा हक्क आहे.

हे आम्ही मनचं सांगत नाही. २००९ साली बालकांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. सगळे त्याला आरटीई म्हणतात. आपल्याकडे आरटीई म्हटलं की इंग्रजी शाळेतल्या पंचवीस टक्के जागाच डोळ्यांपुढे येतात, पण ते त्या कायद्यातलं एक कलम झालं. बाकीचा कायदा आपल्या गावच्या शाळेसाठीच आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत शिकण्याचा हक्क, असं तो म्हणतो. जवळची म्हणजे किती, तेही महाराष्ट्राच्या नियमांत ठरलेलं आहे: पाचवीपर्यंत एक किलोमीटर, सहावी ते आठवीला तीन किलोमीटर. हे अंतर सरकारसाठी आहे बरं का. एवढ्या अंतरात शाळेची सोय करायची, ही जबाबदारी त्यांची. ते तुमच्या लेकराला अडवायला आखलेलं कुंपण नव्हे.

या कायद्याचं पाचवं कलम शाळा बदलण्याबद्दल आहे. मुलाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायची गरज पडली, मग ती राज्यातल्या राज्यात असो की राज्याबाहेर, आणि कारण कोणतंही असो, तर त्याला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाता येतं. कारण कोणतंही. सासरी पटलं नाही, बाप वारला, कामासाठी गाव सोडलं, आजीकडे ठेवलं. शाळेनं त्याची चौकशी करत बसायचं नाही. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा. आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश लांबवायचा नाही की नाकारायचा नाही. जो मुख्याध्यापक दाखला द्यायला उशीर करील त्याच्यावर खात्याची कारवाई होऊ शकते, एवढं स्पष्ट त्यात लिहिलेलं आहे.

मग तरी शाळा का अडवतात? सगळे गुरुजी वाईट असतात असं आम्हाला वाटत नाही. जुन्या शाळेची अडचण पटाची असते. पटावर किती मुलं आहेत त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असा पाचवीपर्यंतचा हिशेब आहे. लहान वस्तीवरच्या शाळेत पाच-सात पोरं कमी झाली तरी गुरुजींच्या पोटात गोळा येतो. संचमान्यतेसाठी सप्टेंबरअखेरचा पट धरतात, म्हणून तोवर ‘दाखला नंतर न्या’ अशी टोलवाटोलवी जास्त. नव्या शाळेची अडचण वेगळी. मुलाचं नाव ऑनलाइन जुन्या शाळेतच दिसतं. ते तिथून सोडल्याशिवाय इथे येत नाही, आणि नाव नाही तर वरून विचारणा होते. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. पण त्या शाळेच्या आणि खात्याच्या आहेत, तुमच्या लेकराच्या नाहीत. नव्या शाळेनं जुन्या शाळेकडे दाखल्याचं मागणीपत्र पाठवायचं आणि ऑनलाइन नाव मागून घ्यायचं, ही शाळाशाळांतली कामं आहेत. त्यासाठी बाईनं सासरच्या गावी जायची, कुणाच्या पाया पडायची गरज नाही.

आता एकेका कागदाचं बघू.

जन्माचा दाखला. असेल तर उत्तम. नसेल तर कायदा म्हणतो की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. दवाखान्यातली किंवा नर्सबाईच्या रजिस्टरातली नोंद, अंगणवाडीतली नोंद चालते. तीही नसेल तर आई-बापानं किंवा पालकानं वयाबद्दल लिहून दिलेलं चालतं.

आधार. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं आधारच्या मोठ्या निकालात सांगितलं की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही. शाळेला ऑनलाइन नोंदीसाठी ते लागतं, म्हणून असेल तर द्यावं. आधारवर सासरचा पत्ता आहे म्हणून बिघडत नाही. पत्ता सवडीनं बदला.

वडिलांची सही. आमच्याकडे येणाऱ्या बायका याच ठिकाणी सगळ्यात जास्त अडलेल्या असतात, म्हणून इथे जरा थांबू. आरटीई कायद्यात पालक म्हणजे कोण ते दिलेलं आहे. आई किंवा बाप, सख्खा, सावत्र नाहीतर दत्तक घेतलेला. ‘किंवा’ आहे, ‘आणि’ नाही. आईची सही पुरते. आई-बाप दोघंही जवळ नसतील, तर ज्या माणसाकडे मूल सांभाळायला आहे तोही पालकच धरला जातो. म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या लेकीची पोरं सांभाळणारी आजी असो की भाचरांना घरी आणलेला मामा, त्यांच्या सहीवर प्रवेश होतो. मुलाच्या ताब्याबद्दल कोर्टाचा हुकूम झालेला असेल तर तो सगळ्यांना पाळावाच लागतो. पण असा हुकूमच नसताना ‘कोर्टाचा कागद आणा’ म्हणणं बरोबर नाही. घटस्फोट झाला का, केस चालू आहे का, हेही शाळेनं विचारायचं कारण नाही.

रहिवासी दाखला. शाळेनं मागितलाच तर साध्या कागदावर ‘मी अमुक तारखेपासून मुलासह इथे राहते’ असं स्वयंघोषणापत्र लिहून द्या. ग्रामपंचायतीतून दाखला मिळत असेल तर तोही घ्या, पण तो मिळेपर्यंत पोर घरी ठेवू नका. आणि एक घोटाळा टाळा. कुणीतरी ‘डोमिसाइल लागतं’ म्हणून बाईला सेतूत पाठवून देतं. डोमिसाइल म्हणजे अधिवास प्रमाणपत्र. ते महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा दाखवून काढतात आणि पुढच्या शिक्षणाला, नोकरीला लागतं. सात वर्षांच्या पोराला दुसरीत बसायला त्याचा काय उपयोग?

प्रवेशाची मुदत संपली, असंही सांगतात. कायद्यात मुदत संपल्यावर आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही. जानेवारीत आलात तरी चालतं. मध्ये शाळा सुटलेली असेल तर मुलाला त्याच्या वयाच्या वर्गातच बसवायचं. मागे राहिलेलं शिकवण्यासाठी शाळेनं वेगळं प्रशिक्षण द्यायचं. दहा वर्षांच्या पोरीला पहिलीत बसवलं तर ती आठ दिवसांत शाळा सोडते, हे कुणालाही कळेल.

आता एक सावधगिरीची गोष्ट. कधी कधी गुरुजी भले असतात आणि म्हणतात, ‘बसू दे त्याला वर्गात, नोंदीचं नंतर बघू.’ पोर बसतं, खिचडी खातं, आई निर्धास्त होते. पण रजिस्टरला नाव नसलं तर पुस्तकांत, गणवेशात त्याचा वाटा धरलेला नसतो, हजेरी लागत नाही, आणि वर्षाच्या शेवटी ते मूल कुठेच शिकलेलं नसतं. म्हणून जनरल रजिस्टरला नाव चढलं का आणि नोंदणी क्रमांक काय, हे विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा.

नोंद करताना नावाची घाईघाईनं फिरवाफिरवी करू नका, हेही सांगायला हवं. नवऱ्याचा राग असतो, मुलाला माहेरचं आडनाव लावावंसं वाटतं. ते तुमच्या मनातलं आम्हाला समजतं. पण जुन्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि नव्या शाळेत दुसरं, असं झालं की पुढे जातीच्या दाखल्याला, शिष्यवृत्तीला, दहावीच्या फॉर्मला अडतं. नाव बदलायचंच असेल तर रीतसर बदला, वेगळं. शाळाप्रवेशाच्या कामात ते मिसळू नका. जुन्या शाळेचा दाखला हातात आला की नाव, जन्मतारीख, जात हे रकाने तिथेच वाचून घ्या आणि त्याची झेरॉक्स घरी ठेवा.

दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन जाणाऱ्या बायांसाठी वेगळी सोय आहे. तुमची पोरं पाच-सहा महिन्यांसाठीच जातात, म्हणून दाखला काढून नेण्यापेक्षा गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. मूल कितवीत आहे, त्याला काय येतं, हे त्यावर असतं. कारखान्याजवळच्या शाळेनं त्यावर त्याला बसवून घ्यायचं आणि परत येताना कार्डावर नोंद करून द्यायची. पोरांना मागे ठेवणार असाल तर गावात हंगामी वसतिगृह होणार आहे का, ते निघायच्या आधी विचारा, टोळी निघताना नव्हे. कर्नाटकातल्या कारखान्याला गेलात तर हक्क तोच, पण जवळची शाळा कानडी निघण्याचा संभव जास्त, हे धरून चाला.

हा सगळा हक्क आठवीपर्यंतचा. नववीला हायस्कूलमध्ये जाताना शाळा सोडल्याचा दाखला मागतात, म्हणून आठवीतच कागद नीट करून ठेवा.

दोन ठिकाणी मात्र राहण्याचा पुरावा खरोखरच लागतो आणि तिथे सैलपणा चालत नाही. एक म्हणजे खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा. तिथे घर ते शाळा अंतर मोजतात, ऑनलाइन नकाशावर घराची खूण करावी लागते, आणि भाड्यानं राहत असाल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला भाडेकरार लागतो. कोणते पुरावे चालतील ती यादी त्या वर्षीच्या सूचनेत वाचा. शहरातल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर खोटा करार करून देणारे एजंट फिरतात. तपासणीत खोटं निघालं की प्रवेश जातो, वर गुन्हा नोंदला जाऊ शकतो, आणि एजंट तेव्हा फोन उचलत नाही. दुसरं नवोदय विद्यालय. सहावीच्या परीक्षेला मूल त्याच जिल्ह्यातलं रहिवासी असावं लागतं आणि पाचवीला त्याच जिल्ह्यातल्या शाळेत शिकत असावं लागतं. ग्रामीण भागासाठीच्या जागांवर बसायचं तर तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्या शाळेत झालेली हवी. चौथीत पोराला शहरात मामाकडे ठेवण्याआधी एवढा हिशेब करा.

तोंडी सांगून ऐकलं नाही तर लेखी द्या. अर्ज लांबलचक नको. ‘माझी मुलगी अमुक, वय इतकं, आधी अमुक शाळेत अमुक वर्गात होती. आता ती माझ्याजवळ या गावात राहते. आरटीई कायद्याच्या कलम ५ प्रमाणे तिला प्रवेश द्यावा आणि दाखला आपण जुन्या शाळेकडून मागवावा.’ खाली सही किंवा अंगठा, तारीख. दोन प्रती काढा. एक शाळेला द्या, दुसरीवर पोच घ्या. पोच द्यायला नाही म्हटलं तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. बहुतेक ठिकाणी कलमाचा आकडा कागदावर दिसला की काम तिथेच होतं.

नाहीच झालं तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी. लेखी तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यावा, असं कायद्यात आहे, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येतं. पण तीन महिने म्हणजे पोराचं अर्धं सत्र गेलं, म्हणून आम्ही म्हणतो की गाडी तिथवर जाऊ देऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया असाव्या लागतात. तुमच्या बचत गटातली कोणी ना कोणी त्या समितीत असेलच. अर्ज द्यायला जाताना तिला बरोबर घ्या. येत्या बैठकीला एवढंच विचारा, की समितीत आपल्यातली कोण आहे, आणि गावात कुणाच्या घरी बाहेरून आलेलं, शाळेत नाव नसलेलं लेकरू आहे का. आणि असेल तर दुसऱ्याच दिवशी दहा वाजता त्याला घेऊन शाळेत जा.