शाई फोडणारा प्रकाश

सोनंनाणं इथेच राहतं, गोंदण तेवढं माणसासोबत जातं, असं आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया सांगत. ती समजूत मोडणारं यंत्र आता जिल्ह्याच्या गावातल्या त्वचारोगतज्ज्ञाकडेही दिसतं. चाकांवरची पेटी, तिच्यातून निघालेला सांध्यासांध्यांचा लांब हात, प्रत्येक सांध्यात आरसा आणि टोकाला डॉक्टरांनी धरायची मूठ. याला क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझर म्हणतात.

याच्यासमोर येऊन बसणाऱ्यांत सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं हमखास असतात. कोपरापासून मनगटापर्यंतची हाताची आतली बाजू आणि पंजाची पाठ एवढ्याच जागी सैन्याला कायमचा टॅटू चालतो. परंपरेने गोंदणाऱ्या आदिवासी समाजांना सवलत आहे. जत्रेत हौसेने दंडावर काढून घेतलेलं नाव मग नोकरीच्या आड येतं.

टॅटूची शाई वरच्या कातडीत नसते, तिच्या खालच्या थरात असते. तिथे भक्षक पेशी तिचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. अशी एक पेशी मेली की सुटलेले कण शेजारची नवी पेशी गिळते. फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी 2018 साली उंदरांवर हे दाखवून दिलं. म्हणजे शाई टिकते ती शरीराच्या पहाऱ्यामुळे. पूर्वी ती घालवायला कातडी मिठाने घासत, ॲसिडने जाळत किंवा कापून टाके घालत. टॅटू जायचा आणि व्रण राहायचा.

1960 साली थिओडोर मेमनने पहिला लेझर पेटवला आणि पुढच्या काही वर्षांतच लिऑन गोल्डमन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने तो टॅटूवर वापरून पाहिला. पण कातडी न भाजता नेमकी शाईच कशी तापवायची, याचं शास्त्र रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 1983 साली मांडलं. शाईच्या रंगाला शोषता येईल असा प्रकाश निवडायचा आणि तो इतका थोडा वेळ टाकायचा, की कणाची उष्णता आजूबाजूला पसरण्याआधीच काम व्हावं. यंत्रातला स्फटिक म्हणूनच ऊर्जा दाबून धरतो आणि पाच-दहा नॅनोसेकंदांत एकदम सोडतो. एका नॅनोसेकंदात प्रकाशसुद्धा फूटभरच जातो. सहा नॅनोसेकंदांत सोडलेल्या एक जूल ऊर्जेची शक्ती त्या क्षणापुरती दहा कोटी वॅटच्या पुढे जाते. कण तडकतात. 2012 नंतर आलेले पिकोसेकंद लेझर याहूनही कमी वेळात हेच करतात.

आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीसाठी यातली एक गोष्ट फार मोलाची आहे. कातडीला रंग देणारं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा अदृश्य किरण ते कमी शोषतं, म्हणून काळ्या-निळ्या शाईसाठी तोच आपल्याला सुरक्षित. लाल शाईला 532 नॅनोमीटरचा हिरवा किरण लागतो. तो मेलॅनिनलाही पकडतो, आणि पांढरे किंवा काळपट डाग पडायची भीती वाढते. हिरवी-आकाशी शाई या यंत्राला सहज दाद देत नाही. पांढऱ्या किंवा कातडीच्या रंगाच्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असेल, तर ती लेझरने उलट काळी पडू शकते. म्हणून आधी छोट्याशा जागेवर चाचणी घ्यायलाच हवी.

प्रत्यक्ष बैठकीत आधी सुन्न करणारं मलम लावतात. डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्याही डोळ्यांवर त्या किरणासाठीचे खास चष्मे चढतात. ते नसतील तर उठून बाहेर यावं. मग चट्-चट् आवाज सुरू होतो आणि तापलेल्या तेलाचे शिंतोडे उडाल्यासारखं वाटतं. किरण पडेल तिथली रेघ बघता बघता पांढरीफटक होते. नवखा माणूस खूश होतो, टॅटू गेला म्हणून. तो पांढरेपणा वायूच्या बारीक बुडबुड्यांचा असतो. पंधरा-वीस मिनिटांत ओसरतो आणि टॅटू पुन्हा दिसू लागतो.

खरं काम पुढे होतं. फुटलेले कण पेशी हळूहळू लसिकावाहिन्यांतून वाहून नेतात. काही कण लसिकाग्रंथींत कायमचे साठतात. यंत्र फोडतं, पुसण्याचं काम शरीर करतं, आणि त्याला घाई चालत नाही. म्हणून दोन बैठकींत सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात. दुकानातल्या टॅटूला अशा सहा-दहा, कधी त्याहून जास्त बैठका लागतात. काजळीचं घरगुती गोंदण बहुधा लवकर फिकं होतं. मधल्या काळात फोड आला तर फोडू नये, खपली ओढू नये, जागा उन्हापासून झाकावी. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा टॅटू उशिरा जातो. शेवटी पुसट सावली राहू शकते, आणि ही शक्यता पहिल्याच दिवशी सांगणारा डॉक्टर मला भरवशाचा वाटतो. एका बैठकीत साफ करून देतो म्हणणाऱ्याकडे किंवा ॲसिडची बाटली काढणाऱ्याकडे जाऊ नका. भाजल्याचा व्रण या लेझरने जात नाही.

आणि भरतीला उतरणाऱ्या मुलांनो, जाहिरात निघायची वाट पाहू नका. दहा बैठका म्हणजे वर्षाहून अधिक काळ; तेवढा हिशेब धरून आधीच त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.