उभ्या गाडीच्या टाकीत

सोलापूर जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत चारी बाजूंचे रस्ते एकत्र येतात. पुणे-सोलापूर महामार्ग गावाला लागूनच जातो. एक वाट पंढरपूरला निघते, एक कुर्डुवाडी-बार्शीकडे, एक करमाळ्यावरून नगरला. हंगाम सुरू झाला की या सगळ्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसू लागतात. एवढ्या वर्दळीच्या भागातही वस्त्यांवर न चालणाऱ्या गाड्या असतात. शेडच्या कडेला, ताडपत्रीखाली, वडिलांनी किंवा आजोबांनी हौसेनं घेतलेली प्रीमियर पद्मिनी, नाहीतर पेट्रोलवरची जुनी जीप. ती विकायला मन होत नाही आणि चालवायला सवड होत नाही. मग कधीतरी दिवाळीला घरातला मुलगा नवी बॅटरी बसवतो, पाच लिटर पेट्रोल ओततो आणि सेल्फ मारतो. गाडी सुरू होते, फाट्यापर्यंत जाते, गचके खाते आणि बंद पडते. मिस्त्री कार्बोरेटर उघडतो, तर तळाशी तांबूस गाळ. कार्बोरेटर साफ करून गाडी पुन्हा सुरू होते आणि पुन्हा थांबते, कारण रोग कार्बोरेटरमध्ये नसतोच. तो मागे, टाकीत असतो.

पद्मिनीचं नातं या मुलखाशी जुनं आहे. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. त्यांच्या नावाचं वालचंदनगर शेजारच्याच इंदापूर तालुक्यात, साखर कारखान्याभोवती वाढलं. १९४४ मध्ये त्यांनी मोटारींची कंपनी काढली. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आता ज्या उरल्या आहेत त्या घरोघरी जपलेल्या आहेत, आणि त्यांच्या टाक्या पोलादी पत्र्याच्या आहेत. आजच्या बहुतेक मोटारींना प्लास्टिकची टाकी असते, तिला गंजाची भीती नाही. म्हणून हा प्रश्न जुन्या गाडीचा, आणि त्यातही उभ्या राहिलेल्या गाडीचा.

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. पेट्रोल लोखंडाला काही करत नाही. मग तेलानं भरलेल्या टाकीत गंज येतो कुठून? जुन्या टाकीला हवा घेण्यासाठी झाकणात छिद्र किंवा बारीक नळी असते. दुपारी पत्रा तापला की आतली हवा फुगून बाहेर पडते, रात्री गार झाला की बाहेरची हवा आत ओढली जाते. हवेबरोबर बाष्पही येतं. हिवाळ्यात ऊसपट्ट्यात पहाटे चांगलं दव पडतं, तेव्हा टाकीच्या आतल्या वरच्या पत्र्यावरही थेंब धरतात.

हे पाणी किती असेल, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चाळीस लिटरच्या टाकीत दहा लिटर पेट्रोल आहे, म्हणजे तीस लिटर जागा रिकामी. तापमानाचा दर अंश हवेला सुमारे तीनशेव्या भागानं फुगवतो. दिवस-रात्रीत दहा अंशांचा फरक धरला तर रोज जेमतेम एक लिटर हवा आत-बाहेर होते. दमट हवेच्या लिटरमध्ये फार तर २५ मिलिग्रॅम बाष्प असतं. ते सगळं आत राहिलं असं मानलं, तरी वर्षाला नऊ ग्रॅम पाणी होतं, म्हणजे दोन चहाचे चमचे. आकडा किरकोळ वाटतो. पण नेहमीचा गंज तयार होताना छत्तीस ग्रॅम पाण्यामागे सव्वादोनशे ग्रॅम लोखंड लागतं. त्या प्रमाणात नऊ ग्रॅम पाणी छप्पन ग्रॅम लोखंड खाऊ शकतं. एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात हे सत्तर चौरस सेंटिमीटर होतात, म्हणजे तळहाताएवढा तुकडा आरपार. प्रत्यक्षात सगळं पाणी गंजात जात नाही आणि गंज एकाच जागी होत नाही, तेव्हा ही वरची मर्यादा समजावी. शिवाय झाकणाचं रबर कडक झालं असेल, तर पावसाचं आणि गाडी धुतानाचं पाणी थेट आत उतरतं. ते या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त असतं.

आत शिरलेलं पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाशी जाऊन बसतं. वर पेट्रोलचा थर असल्यामुळे तळाला हवा लागणार नाही, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. ऑक्सिजन पाण्यापेक्षा पेट्रोलमध्ये जास्त विरघळतो, त्यामुळे वरचा थर उलट तो खालपर्यंत पोचवतो. म्हणून टाकी दोन जागी गंजते: वरचा रिकामा भाग दवानं, आणि तळाचा सर्वांत खोल कोपरा साचलेल्या पाण्यानं. भोक बहुधा तळालाच पडतं.

ॲल्युमिनियमवर हवेमुळे घट्ट, पातळ थर चढतो आणि खालच्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज असा नाही. खाल्लेल्या लोखंडाच्या सुमारे तिप्पट जागा तो घेतो, फुगतो, सुटतो, आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा उघडं पडतं. सुटलेली पापुद्र्यांची भुकटी पेट्रोलबरोबर पुढे निघते. कार्बोरेटरमधल्या मुख्य जेटचं छिद्र एका मिलिमीटरच्या आसपास असतं, संथ चालीचं त्याहूनही बारीक. एक कण तिथं अडकला की इंजिन उपाशी राहतं. तोच कण पेट्रोलची आवक रोखणाऱ्या फ्लोटच्या सुईखाली बसला तर उलट होतं, पेट्रोल थांबत नाही आणि बाहेर सांडू लागतं. गरम इंजिनावर सांडलेलं पेट्रोल म्हणजे आगीला निमंत्रण. गंजलेल्या टाकीकडे दुर्लक्ष करू नये, ते मुख्यतः यासाठी.

आता उसाकडे येऊ, कारण टाकीची गोष्ट त्याच्याशिवाय पूर्ण होत नाही. उजनी धरणाचं पाणी आलं आणि टेंभुर्णीचा माढा तालुका उसाचा झाला. पिंपळनेरचा विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखाना याच तालुक्यात आहे. साखर काढल्यावर उरणाऱ्या मळीपासून, आणि आता थेट रसापासूनही, इथेनॉल बनतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात. याचे पहिले प्रयोग २००१ मध्ये ज्या ठिकाणी झाले, त्यांत मिरज आणि मनमाड ही महाराष्ट्रातली दोन ठिकाणं होती. २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झालं, जून २०२२ मध्ये देशानं दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, आणि २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणजे ई-२०, सर्वत्र पोचलं. पद्मिनी अशा मिश्रणासाठी बनवलेली नव्हती.

इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. हवेतलं बाष्पही ते शोषून घेतं. साध्या पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळत नाही, पण दहा टक्के मिश्रणाच्या एका लिटरमध्ये सुमारे पाच मिलिलिटर पाणी सामावतं, वीस टक्क्यांमध्ये त्याहून जास्त. ही मर्यादा ओलांडली किंवा थंडीनं ती खाली आली, की मिश्रण फुटतं. बरंचसं इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी जातं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे सहज दिसतं. काचेच्या मोजपात्रात शंभर मिलिलिटर ई-२० आणि पन्नास मिलिलिटर पाणी हलवून ठेवलं, तर खालचा थर पन्नासचा सत्तरच्या आसपास होतो. टाकीच्या तळाशी हा थर महिनोन् महिने राहिला, की इथेनॉलचा काही अंश हवेमुळे ॲसेटिक आम्लात बदलतो आणि पत्र्याला साध्या पाण्यापेक्षा जास्त झोंबतो.

पण इथेनॉलच्या माथी सगळा दोष मारणं मला पटत नाही. रोज चालणाऱ्या गाडीत थोडंफार पाणी इथेनॉलमध्ये विरघळून इंजिनात जातं आणि वाफ होऊन निघून जातं. टाकी त्यामुळे कोरडीच राहते. घात होतो तो गाडी उभी राहिल्यावर. शिवाय इथेनॉल चांगला द्रावक आहे. जुन्या पेट्रोलचा वाळलेला डिंक आणि त्यात अडकलेला गंज ते सोडवतं. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीत नवं पेट्रोल भरताच फिल्टर भरून येतो, तो यामुळे. गंज नवा नसतो, फक्त सुटलेला असतो.

दुरुस्तीच्या वाटेवर पहिलं पाऊल सुरक्षिततेचं, आणि इथं मी जरा थांबणार आहे. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीनं स्फोट होतो. चाळीस लिटरच्या रिकाम्या टाकीत एवढी वाफ व्हायला किती पेट्रोल लागतं? फक्त तीन मिलिलिटर, चहाचा अर्धा चमचा. टाकी उपडी करून निथळली तरी सांध्यांत आणि डिंकाखाली याहून जास्त उरतं. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोक्याची असते, ती यासाठी. गंजून पडलेलं भोक बुजवायला टाकी तशीच वेल्डिंगवाल्याकडे नेणं हा जिवाशी खेळ आहे. वास गेला म्हणजे वाफ संपली, असंही नाही. आच लागली की डिंकातून ती पुन्हा निघते.

म्हणून बॅटरीची वायर काढून, उघड्यावर, बिडी-काडी आणि चालू मोटारीपासून लांब टाकी उतरवावी. जुनं पेट्रोल धातूच्या डब्यात घ्यावं. ते गटारात किंवा बांधावर ओतू नये, विहिरीचं पाणी नासतं. साबणाच्या पाण्यानं टाकी अनेकदा खळबळून धुवावी, वाफेनं धुता आली तर उत्तम. मग काट्यानं किंवा टोच्यानं तळ दाबून पाहावा. दाबताच पत्रा खचत असेल किंवा उजेडाकडे धरल्यावर सुईएवढी छिद्रं दिसत असतील, तर तिथंच थांबावं. नवी किंवा चांगल्या स्थितीतली जुनी टाकी शोधणं शहाणपणाचं. एकदोन छिद्रंच असतील, तर रेडिएटरचं काम करणारे जुने कारागीर टाकी पाण्यानं भरून, तापवलेल्या सोल्डरिंग आयर्ननं डाग देतात. ज्योत लावत नाहीत. ते काम त्यांच्यावरच सोपवावं.

पत्रा दणकट असेल तर आत नटबोल्ट किंवा साखळीचा तुकडा टाकून टाकी सगळ्या बाजूंनी हलवावी. साखळी बरी, ती एकसंध परत काढता येते. सुटा गंज यानं निघतो. चिकटलेल्यासाठी आम्ल लागतं. संडास साफ करायचं ॲसिड अनेक जण वापरतात, ते टाळावं. ते गंजाबरोबर पत्राही खातं आणि त्याची वाफ छातीत जाते. सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबाचं सत्त्व, पुष्कळ सौम्य आहे. तांब्याचं घंगाळ चिंचेनं उजळतं, तसंच इथं घडतं: आम्ल ऑक्साइड विरघळवतं आणि त्याचे रेणू सुटलेल्या धातूला धरून ठेवतात. लिटरला पन्नास ग्रॅम, म्हणजे चाळीस लिटरला दोन किलो. कोमट पाण्यात ते लवकर काम करतं. एक दिवस ठेवून पाहावं, पण झाकण उघडं ठेवून, कारण आम्ल आणि लोखंड भेटले की थोडा हायड्रोजन सुटतो.

जुन्या गाड्या जपणाऱ्यांचा आणखी एक उपाय जगभर चालतो, आणि तो ऊसपट्ट्यातल्या वाचकाला ऐकायला आवडेल. मळीचा. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, आणि दोन-तीन आठवडे संयम. मळीतली सेंद्रिय द्रव्यं लोखंडाच्या आयनांना पकडून गंज उतरवतात आणि चांगल्या पत्र्याला फारसा धक्का लावत नाहीत. ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या भागांना मात्र ती चालत नाही, आणि उन्हाळ्यात हे पाणी आंबून फसफसतं. अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असल्यामुळे ती दुकानात जाऊन आणता येत नाही. ज्याच्या शेतातला ऊस कारखान्याला जातो, त्यालाही लिंबाचं सत्त्वच गाठावं लागतं.

आम्ल काढून टाकल्यावरची पंधरा मिनिटं महत्त्वाची. स्वच्छ झालेलं लोखंड ओलं राहिलं, तर डोळ्यांदेखत पुन्हा नारिंगी होतं. म्हणून लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं आम्ल मारावं, स्वच्छ पाण्यानं धुवावं आणि गरम हवेनं टाकी पूर्ण वाळवावी. जुन्या टाक्यांच्या पत्र्यावर शिसं-कथलाचा पातळ मुलामा असे. घासण्यात आणि आम्लात तो जातो, आणि त्यासोबत पत्र्याचं कवचही. घासताना निघालेल्या भुकटीत शिसं असू शकतं, हे ध्यानात ठेवून तोंडाला रुमाल बांधावा आणि ती भुकटी पोरांच्या हाती लागू देऊ नये. आतून इपॉक्सीचा लेप द्यायचा असेल, तर तो इथेनॉलला टिकणारा आहे ना, हे डब्यावर वाचून घ्यावं. पूर्वीचे काही लेप मिश्रणाच्या पेट्रोलमध्ये मऊ होऊन सोलून निघतात, आणि मग गंजाऐवजी लेपाचे तुकडे जेटमध्ये अडकतात. पत्रा कोरडा ठणठणीत नसेल तर कोणताच लेप धरत नाही.

टाकी चढवताना रबरी नळ्या बदलाव्यात. जुनं रबर इथेनॉलनं फुगतं आणि तडकतं. झाकणाची रबरी चकती नवी घालावी, टाकी आणि पंपाच्या मधे पारदर्शक फिल्टर बसवावा. पहिल्या महिन्यात तो दोन-तीनदा तरी बदलावा लागेल. पावसाळ्यात पेट्रोल भरताना शंका आली, तर पंपावर जमिनीखालच्या टाकीत पाणी आहे का, हे काठीला पेस्ट लावून तपासायला सांगता येतं. पाणी लागताच पेस्टचा रंग बदलतो.

आणि गाडी पुन्हा दोन-चार महिने उभी राहणार असेल, तर टाकी अर्धी ठेवू नये. एकतर गळ्यापर्यंत भरावी, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. नाहीतर पूर्ण रिकामी करून, वाळवून, आतून इंजिन ऑइलचा हात फिरवून झाकण घट्ट लावावं. याहून सोपा मार्ग म्हणजे पंधरवड्यातून एकदा गाडी काढून टेंभुर्णीहून उजनी धरणापर्यंत जाऊन यावं आणि परतताना थोडं ताजं पेट्रोल भरावं.